न दुखणारी गाठ

(श्रींच्या उत्सवकाळात महाजन कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवालयाच्या सभामंडपात कीर्तन व्हावे, पुराण व्हावे, फार तर इतिहासावर चार शब्द व्हावेत, अशी आपली रीत. तेथे आजाराचा विषय काढावा, आणि तोही स्त्रीच्या शरीराच्या अशा भागाचा की ज्याचे नाव चारचौघांत घेतले जात नाही, हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु ज्या संकोचामुळे तो रुचत नाही, तोच संकोच या आजाराचा सर्वांत मोठा साहाय्यकर्ता आहे. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या. रोग वेळेवर उघड झाला असता तर यांतील पुष्कळजणी वाचल्या असत्या. म्हणून हा विषय घराघरांत, आणि म्हणूनच येथेही, बोलला गेला पाहिजे.

एका गृहिणीची कल्पना करावी. वय अठ्ठेचाळीस. श्रावणातल्या एका सकाळी न्हाताना तिच्या हाताला डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ लागते. ती दुखत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही, भूक व्यवस्थित आहे. ती मनाशी म्हणते, चवथ तोंडावर आली आहे. माटोळी बांधायची आहे, मुंबईचे दीर-जावा यायचे आहेत. चवथ होऊन जाऊ दे. चवथ होते. मग नवरात्रातला मखरोत्सव, मग दिवाळी, मग तुळशीचे लग्न. कार्तिक सरतो तो जत्रा येते आणि देवाच्या जत्रेत घरच्या सुनेने इस्पितळाचे नाव काढावे कसे? माघात मुलीचे लग्न ठरलेले. व्याह्यांच्या कानावर हे गेले तर? शिगम्यापर्यंत सुपारीचे लिंबू झालेले असते, वरची कातडी आत ओढली गेलेली असते, काखेत दुसरी गाठ आलेली असते. अखेर एके दिवशी चोळीला डाग दिसतो, तो सुनेच्या किंवा मुलीच्या नजरेस पडतो आणि मग सारे घर धावपळ करू लागते. या आठ महिन्यांत तिने कोणता अपराध केला? काहीच नाही. सर्वांचे सर्व तिने पाहिले, स्वतःचे तेवढे पाहावयाचे राहिले.

हे चित्र एका विशिष्ट घरातील नव्हे. पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते आपल्या ओळखीच्या कोणाचे तरी वाटेल, आणि तेच या व्याख्यानाचे कारण आहे.

हा रोग म्हणजे काय ते आधी थोडक्यात पाहू. शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, आणि हे सारे एका शिस्तीने चालते. एखाद्या पेशीची शिस्त बिघडली म्हणजे ती थांबावयाचे विसरते व वाढतच राहते. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि ते वाहून नेणाऱ्या नलिका असतात. बहुतेक वेळा रोगाचा आरंभ या नलिकांच्या अस्तरात होतो. पुढे त्या पेशी आजूबाजूच्या भागात शिरतात, लसिकावाहिन्यांतून काखेतील ग्रंथींत जातात आणि रक्तातून हाडे, फुप्फुसे, यकृत अशा दूरच्या अवयवांत पोचू शकतात. गाठ स्तनात आहे तोवर ती जीव घेत नाही; ती स्तनाबाहेर जाते तेव्हा जिवावर बेतते. वेळेचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

प्राचीनांना हा रोग अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन आहे : गोल, स्थिर, अल्प वेदनेची, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ. ग्रीक वैद्यांना गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या आणि त्यावरून रोगाला खेकड्याचे नाव मिळाले. आपला कर्करोग हा शब्द त्याच अर्थाचा आहे. यात ध्यानी धरण्याजोगी गोष्ट म्हणजे अल्प वेदना. दुखणे नाही म्हणजे आजार नाही, ही आपली व्यवहारातली समजूत. गळू दुखते म्हणून माणूस वैद्याकडे धावतो. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, म्हणून ती दाखवली जात नाही. वास्तविक न दुखणारी गाठ हीच अधिक तातडीने दाखवावयाची असते.

गाठ हे एकच लक्षण नव्हे. स्तनाच्या आकारात नव्याने पडलेला फरक, कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी दिसणारी जाड कातडी, पूर्वी बाहेर असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून आपोआप येणारा रक्तमिश्रित स्राव, स्तनाग्रावरची बरी न होणारी खाज वा जखम आणि काखेतील गाठ, ही सर्व लक्षणे तज्ज्ञाला दाखवावयाचीच. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींत साध्या, सुटसुटीत हलणाऱ्या गाठी होतात. मध्यम वयात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. पण कोणती गाठ साधी आणि कोणती घातक, हा निर्णय बोटांनी चाचपून घरात करावयाचा नसतो, शेजारणीच्या अनुभवावरून तर नाहीच नाही.

मग एवढी साधी गोष्ट असता स्त्री लपवते का? संकोच हे एक कारण. त्याहून बलवत्तर कारण म्हणजे भीती : मरणाची, आणि त्याच्या जोडीने अंगविच्छेदाची. ही भीती निराधार नव्हती, तिला मोठा इतिहास आहे.

इंग्रज कादंबरीलेखिका फॅनी बर्नी हिच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये, तिच्या राहत्या घरी, स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली. तिनेही आरंभी दुखणे अंगावर काढले होते. पतीने व मैत्रिणींनी आग्रह केला तेव्हा ती वैद्यांपुढे गेली. नेपोलियनच्या सैन्यातील ख्यातनाम शल्यविशारद लारे याने ती शस्त्रक्रिया केली. भूल नव्हती; पोटात द्राक्षासवाचा एक घोट, तोंडावर पातळ रुमाल, एवढीच सोय. आपल्या बहिणीला तिने पुढे जे पत्र लिहिले ते वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ती त्यानंतर २८ वर्षे जगली आणि १८४० साली वयाच्या ८७ व्या वर्षी वारली.

त्याच्या सात वर्षे आधी, १८०४ च्या ऑक्टोबरात, जपानमधील हानाओका सेइशू या वैद्याने वनस्पतींपासून केलेले भुलीचे औषध पाजून एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या स्तनातील गाठ काढली होती. पाश्चात्त्य जगात ईथरची भूल येण्यास त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. परंपरा असे सांगते की, त्या औषधाची मात्रा ठरविण्यासाठी हानाओकाच्या आईने व पत्नीने स्वतःवर प्रयोग करू दिले आणि त्यात पत्नीची दृष्टी गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम हॉल्स्टेड याने अशी पद्धत रूढ केली की, स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सर्व एकत्र काढून टाकावयाचे. रोग मुळासारखा पसरत जातो, तेव्हा जेवढे अधिक खणावे तेवढे बरे, असा त्यामागचा तर्क होता. १८९४ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढे पाऊणशे वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया होत राहिली. छातीच्या फासळ्या दिसू लागत, हात सुजून जड होई, खांदा उचलता येत नसे. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत ज्या काही थोड्या स्त्रियांवर उपचार झाले, त्यांच्यावर बहुधा तेच झाले. स्त्रियांच्या मनात बसलेली धास्ती त्या काळातली आहे.

ही पद्धत बदलली ती मोजमापामुळे. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीतील मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी या दोघांनी १९७० नंतरच्या दशकात एक साधा प्रश्न विचारला : लहान गाठ असेल तर केवळ गाठ व भोवतीचा थोडा भाग काढून किरणोपचार दिले, आणि स्तन राखला, तर स्त्री कमी जगते काय? वेरोनेसीच्या प्रयोगात ७०१ स्त्रिया होत्या, फिशरच्या प्रयोगात १८५१. वीस वर्षे त्यांचा पाठपुरावा करून दोघांनीही २००२ साली उत्तर प्रसिद्ध केले : स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक नाही. ज्या शस्त्रक्रियेने लाखो स्त्रियांची छाती उघडी पाडली, तिच्यातील बराच भाग अनावश्यक होता असे ठरले.

आजच्या गृहिणीला सांगावयाचे ते हेच. स्तन राखणे शक्य असते ते गाठ लहान असताना. अंगविच्छेदाच्या भीतीने जी स्त्री गाठ लपवते, ती लपविल्यामुळेच अंगविच्छेदापाशी येऊन पोचते. श्रावणातली सुपारी काढता येते. शिगम्यातल्या लिंबासाठी बहुधा स्तन द्यावा लागतो, आणि कधीकधी तेवढ्यानेही भागत नाही.

आता इस्पितळात काय होते ते क्रमाने सांगितले तर अर्धी भीती तेथेच निवळेल. निदानाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, तज्ज्ञाने हाताने केलेली तपासणी. स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसे निःसंकोच सांगावे. दुसरी, प्रतिमा : स्तनाचा क्ष-किरण फोटो म्हणजे मॅमोग्राफी आणि जोडीला सोनोग्राफी, कमी वयात सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. तिसरी, बायॉप्सी : जागा बधिर करून जाड सुईने गाठीतील बारीक तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. सुई लावली की रोग पसरतो, ही समजूत घरोघर आढळते आणि तिने पुष्कळ नुकसान केले आहे. ती खरी नाही. तुकडा तपासल्यावाचून केलेला उपचार हा अंधारात मारलेला दगड होय.

त्या तुकड्यावर आणखी तीन परीक्षा होतात. गाठ इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हॉर्मोनांवर पोसली जाते काय, आणि तिच्या पेशींवर हर-टू नावाचे प्रथिन अधिक आहे काय, हे त्यावरून कळते. उपचाराची दिशा या उत्तरांवर ठरते. त्यामुळे एकीला जे औषध दिले ते दुसरीला का दिले नाही, अशी तुलना नातेवाइकांनी करू नये. रोगाचे नाव एक असले तरी रोग एक नसतो.

उपचारांचे मुख्य प्रकार पाच. शस्त्रक्रियेविषयी वर आलेच. काखेतील सर्व ग्रंथी काढण्याऐवजी रोग प्रथम ज्या ग्रंथीत पोचेल तेवढीच काढून तपासण्याची सोय आता आहे; त्यामुळे हात सुजण्याचे प्रमाण कमी झाले आहे. दुसरा, किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात. पूर्वी ते पाच-सहा आठवडे चालत. आता पुष्कळ रुग्णांना तीन आठवडे पुरतात. त्यात आग होत नाही, आणि उपचार घेऊन आलेल्या बाईच्या अंगातून किरण बाहेर पडून नातवंडांना बाधतात असेही नाही. तिसरा, शिरेतून द्यावयाची औषधे, म्हणजे केमोथेरपी. तिने केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात. उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत आणि केस पुन्हा उगवतात. चौथा, हॉर्मोनविरोधी गोळ्या. १८९६ साली ग्लासगोचे बीटसन यांनी अंडाशय काढल्यावर स्तनाचा रोग ओसरल्याचे प्रसिद्ध केले होते. त्याच तत्त्वावर पुढे टॅमॉक्सिफेन हे औषध आले. ही स्वस्त गोळी रोज एक याप्रमाणे पाच वर्षे, काही वेळा दहा वर्षे घ्यावयाची असते. बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडणे हा फार मोठा प्रमाद होय. पाचवा, हर-टू असलेल्या गाठींवर नेमका मारा करणारी इंजेक्शने. त्यांतील पहिले, ट्रास्टुझुमॅब, १९९८ पासून वापरात आले आणि त्या प्रकारच्या रोगाचे स्वरूपच बदलून गेले.

या विषयात मुंबईनेही मोलाची भर घातली आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दार २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या आठवणीतून ही वास्तू उभी राहिली. तेथील डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांत एक मोठा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरोघरच्या स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. २०२१ साली या कामाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र असा लाभ दिसला नाही. महागड्या यंत्रावाचून, केवळ शिकवलेल्या हातांनी एवढे साधते, हे आपल्यासारख्या देशाला दिलासा देणारे आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दरमहा स्वतःची पद्धतशीर तपासणी करा, असा उपदेश पूर्वी सर्वत्र होत असे. चीनमधील शांघाय येथे कापड गिरण्यांतील २ लाख ६६ हजार स्त्रियांवर याची कसोटी घेतली गेली. २००२ साली आलेल्या निष्कर्षात केवळ अशा शिकवणीने मृत्यू घटल्याचे दिसले नाही. याचा अर्थ हात लागलेल्या गाठीकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. अर्थ एवढाच की, पाढे म्हटल्यासारखी तपासणी करण्यापेक्षा आपले शरीर नेहमी कसे असते हे ओळखून असावे, फरक दिसताच जाणत्या हाताला दाखवावे आणि चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने तपासून घ्यावे. आई, मावशी, बहीण यांना हा रोग झालेला असेल तर आधीपासून सावध राहावे. मात्र बहुसंख्य रुग्णांच्या घराण्यात तो पूर्वी कोणालाच नसतो, हेही विसरू नये. क्वचित पुरुषांनाही तो होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाविषयी जी उद्दिष्टे ठरविली त्यांतील एक असे की, स्त्री प्रथम डॉक्टरकडे गेल्यापासून साठ दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे. हे बंधन आरोग्यव्यवस्थेवर आहे. घरानेही स्वतःवर एक बंधन घालून घ्यावे. अधिक मास आड आला नाही तर चवथीपासून दिवाळीपर्यंत साठ दिवससुद्धा होत नाहीत. चवथीच्या आधी लागलेली गाठ दिवाळीपूर्वी पूर्णपणे तपासून झालेली असावी, एवढा नेम प्रत्येक कुटुंबाने पाळला तरी वरच्या चित्रातील शिगमा टळेल. वास्तविक दोन आठवडेही थांबण्याचे कारण नाही. आपल्याकडे कठीण प्रसंगी देवाचा प्रसाद घेण्याची, कौल लावण्याची प्रथा आहे. तिने मनाला बळ येते. ते बळ घेऊन इस्पितळाची पायरी चढावी. जावे की न जावे हा प्रश्न मात्र देवापुढे ठेवू नये. तो प्रश्नच नव्हे. देवाच्या पालखीला एक हात कमी लागला तरी पालखी थांबत नाही. घरात मात्र त्या हाताची जागा कोणी भरून काढत नाही.

निदान झाल्यानंतरचा काळ हा घराच्या परीक्षेचा असतो. पहिली चूक होते ती रुग्णापासून लपविण्याची. पती, दीर, मुलगे बाहेरच्या खोलीत कुजबुजतात आणि जिचे शरीर तिलाच काही सांगत नाहीत. तिला सारे समजते. फक्त विचारता येत नाही. त्यामुळे ती एकटी पडते. खरे सांगावे, सौम्य शब्दांत सांगावे, आणि उपचारांचा निर्णय तिच्यासह करावा.

दुसरी चूक म्हणजे दोषारोप. पूर्वजन्मीचे काही, कोणाची दृष्ट, मुलाला अंगावर पाजले नाही, घट्ट चोळी घातली, असले तर्क भेटीस येणारी माणसे सहज बोलून जातात. स्तनपानाने या रोगाची शक्यता काही अंशी कमी होते हे खरे आहे. पण एखाद्या स्त्रीच्या बाबतीत कारण इतक्या सोप्या रीतीने दाखविता येत नाही. हा रोग संसर्गजन्य नाही. तिचे ताट-वाटी वेगळी करणे, तिला स्वयंपाकघरात वा देवघरात येऊ न देणे, केस गेले म्हणून हळदीकुंकवाला न बोलावणे, हे अज्ञान आहे आणि क्रौर्यही आहे. झाडपाल्याचे लेप, गाठ चोळणे, तीन महिन्यांत बरे करतो म्हणणाऱ्यांची पुडी, यांत वेळ गेला की तो परत मिळत नाही.

तिसरी गोष्ट पतीची. शस्त्रक्रियेनंतर स्त्रीच्या मनात एक प्रश्न असतो जो ती ओठांवर आणत नाही : आपण पूर्वीच्याच राहिलो काय? त्याचे उत्तर डॉक्टर देऊ शकत नाही. जखमेची पट्टी बदलताना पती जवळ उभा राहिला, नजर वळवली नाही, तर ते उत्तर शब्दांवाचून मिळते. हाताचे व्यायाम तिच्याबरोबर करणे, इंजेक्शनच्या दिवशी तिच्याबरोबर बसणे, त्या दिवसांत चूल कोणी सांभाळायची हे तिला न विचारता ठरविणे, ही सेवा कोणत्याही औषधाच्या तोडीची आहे. आतून घालावयाचा कापडी वा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो. चोळी नीट बसते आणि बाहेर जाताना संकोच वाटत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्मिळ. ज्या वाटेने जावयाचे त्या वाटेने जाऊन आलेल्या बाईची भेट. न्यूयॉर्कच्या तेरीझ लॅसर या महिलेवर १९५२ साली शस्त्रक्रिया झाली. आपल्याला काही विचारावयास कोणीच नव्हते, हे ध्यानात येऊन ती इतर रुग्णांना इस्पितळात जाऊन भेटू लागली. त्यातून जी चळवळ निघाली ती पुढे अनेक देशांत पसरली. १९७४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया जगजाहीर केली आणि त्या बातमीनंतर हजारो स्त्रिया स्वतःहून तपासणीस गेल्या. एका प्रतिष्ठित घराने मौन सोडले, त्याचा हा परिणाम. आपल्या समाजात या आजारातून बऱ्या झालेल्या कित्येक स्त्रिया आहेत. त्या बोलत नाहीत, म्हणून हा रोग झाला की माणूस जातोच, अशी समजूत टिकून राहते; कारण गेलेल्यांचे तेवढे कळते, वाचलेल्यांचे कळत नाही.

खर्चाची चिंता खरी आहे, पण वाटा आहेत. गोव्यात बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे; २०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे; महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची योजना आहे. २०२१ साली गोव्यात स्त्रियांच्या स्तनतपासणीची राज्यव्यापी मोहीम आरोग्य केंद्रांतून हाती घेण्यात आली. मुंबईत उपचारांसाठी जाणाऱ्यांना राहण्याची अडचण येते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी ती अनेकांची दूर केली आहे. आणि रोग बराच पुढे गेला असेल तरीही करण्यासारखे काहीच नाही असे कधीच नसते. वेदना शमविणे हाही उपचारच आहे. भारतातील पहिले असे शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत सुरू झाले. त्याची एक शाखा गोव्यात लोटली येथे आहे.

अखेर प्रश्न उरतो तो महाजनांनी काय करावे हा. देवालयाच्या अग्रशाळेत परगावच्या कुळाव्यांची राहण्याची सोय होते. वर्षातून एक दिवस तीच जागा स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्री डॉक्टरांच्या हवाली करता येईल. महिला मंडळाच्या यादीत दोन-तीन अशा भगिनींची नावे असू शकतील, ज्या स्वतः यातून गेल्या आहेत आणि दुसरीच्या घरी जाण्यास तयार आहेत. मुंबई, बेळगाव, कारवार येथे पांगलेल्या कुळाव्यांत एखादे घर उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबाला महिनाभर एक खोली देऊ शकेल. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

आणि घरी गेल्यावर प्रत्येक पुरुषाने आपल्या आईला, पत्नीला, बहिणीला एकच प्रश्न विचारावा : काही आहे काय, जे सांगावयाचे राहिले आहे? उत्तर नाही असे आले तर आनंदच आहे. पण एखाद्या घरी ती क्षणभर थांबेल आणि म्हणेल, श्रावणापासून एक गाठ आहे, दुखत नाही. त्या क्षणी उत्सवाचा, लग्नाचा, पाहुण्यांचा विचार बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर निघावे.

श्रींच्या कृपेने सर्व मातृवर्गाला दीर्घायुरारोग्य लाभो.